नाग नदीचा नकाशा काढायला काठावरच्यांना बसवा

२३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे नागपुरात चारेक तासांत शंभर मिलिमीटरहून जास्त पाऊस कोसळला. अंबाझरी तलाव सांडव्यावरून ओसंडला, नाग नदी पात्र सोडून रस्त्यांवर आली आणि अंबाझरी ले-आउट, डागा ले-आउट, कॉर्पोरेशन कॉलनी, शंकरनगर, सीताबर्डी या भागांतले लोक जागे झाले तेव्हा पलंगाचे पाय पाण्यात होते. मोरभवनच्या बस स्थानकात पाणी भरलं. माणसं दगावली. हजारो घरांतलं धान्य, गाद्या, मुलांची पुस्तकं, कागदपत्रं भिजून गेली. शहराच्या ऐन मध्यात बचाव पथकांच्या बोटी फिरताना त्या दिवशी आपण पाहिल्या.

त्यानंतर नदीचं काय करायचं यावर पुष्कळ बोललं गेलं. भिंती बांधा, पात्र मोकळं करा, गाळ काढा, पूल उंच करा. यातलं बरंचसं गरजेचं आहेच. पण जगभर याच्या जोडीला आता आणखी एक वाट धरली जाते. पुराचं पाणी नुसतं सिमेंटच्या पात्रातून पुढे हाकलायचं सोडून तलाव, पाणथळ जागा, झाडोरा आणि मोकळी माती यांच्या मदतीनं ते थोडं अडवायचं, थोडं मुरवायचं आणि उरलेलं सावकाश सोडायचं. यांना निसर्गाधारित उपाय म्हणतात. मार्च २०२२ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण सभेत त्यांची व्याख्या ठरली. त्याआधी २०२० मध्ये आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघानं असे उपाय कसे असावेत याचे आठ निकष जाहीर केले होते. त्यांतला एक निकष सांगतो की, ज्यांच्या जगण्यावर या उपायाचा परिणाम होणार, त्यांना निर्णयात खरोखरीची जागा हवी.

मला त्या एका निकषाबद्दल लिहायचं आहे. नागपुरात असे उपाय करायचे असतील तर लोकांना तयार नकाशा दाखवायला बोलावून भागणार नाही, नकाशा काढायलाच त्यांना बसवावं लागेल. असं का, ते पाण्याच्या हिशेबापासून पाहू.

एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी जमा होतं. दीड हजार चौरस फुटांचा प्लॉट म्हणजे साधारण १४० चौरस मीटर. त्या पहाटेसारखा शंभर मिलिमीटर पाऊस झाला की एवढ्याशा प्लॉटवर १४ हजार लिटर पाणी येतं, म्हणजे पाच हजार लिटरचे जवळजवळ तीन टँकर. पूर्वी प्लॉटच्या मधोमध घर असायचं, मागे विहीर, पेरू-सीताफळाची झाडं, पुढे मातीचं अंगण. पाणी अंगणात रेंगाळायचं, झाडाबुडी मुरायचं, उरलेलं नालीला लागायचं. आता घर कुंपणाला भिडलेलं, उरलेल्या जागेत टाइल आणि फाटकाबाहेर सिमेंटचा रस्ता. कित्येक जुन्या घरांची जोती तर नव्या रस्त्याच्या खाली गेली आहेत. ते तीन टँकर आता काही मिनिटांत नालीत जातात, आणि प्रत्येक प्लॉटचे तीन टँकर एकाच वेळी नदीकडे निघतात.

जामठ्याच्या मैदानावरचा सामना सुटला की वर्धा रोडचं काय होतं हे आपल्याला ठाऊक आहे. रस्ता तोच आणि गाड्याही त्याच, पण सगळ्या एकदम बाहेर पडतात म्हणून कोंडी होते. पुराचंही तसंच. एकूण पाणी किती याच्याइतकंच ते किती वेळात नदीत उतरलं याला महत्त्व असतं. निसर्गाधारित उपायांचं मुख्य काम म्हणजे ही एकदम उसळणारी लाट पसरट करणं.

ते कसं होतं याचं एक उदाहरण. एक एकराची बाग किंवा मैदान आजूबाजूच्या रस्त्यांपेक्षा एक फूट खोल ठेवलं तर त्यात सुमारे १२ लाख लिटर पाणी थांबू शकतं. वर सांगितलेल्या ऐंशीहून जास्त प्लॉटांचं पाणी झालं हे. पाऊस थांबल्यावर एक-दोन दिवसांत ते हळूहळू सोडून द्यायचं, वर्षाचे उरलेले दिवस तिथं मुलं खेळतील. यासाठी काही मोठं यंत्र लागत नाही. लागते ती जागा, आणि बाग थोडी खोल राहिली, चार दिवस चिखल झाला तरी चालेल असं म्हणणारी आजूबाजूची माणसं.

नागपूरच्या मातीचंही एक वैशिष्ट्य ध्यानात घ्यायला हवं, कारण बाहेरगावचा आराखडा जसाच्या तसा इथं लावला की फसतो. आपल्याकडची काळी माती उन्हाळ्यात तडकते. जूनमधलं पहिलं पाणी त्या भेगांतून खोल जातं. मग माती फुगते, भेगा मिटतात आणि पाणी मुरायचा वेग एकदम मंदावतो. शहराच्या पश्चिमेकडे खाली बेसाल्टचा काळा पाषाण आहे, पूर्वेकडे वेगळा जुना खडक, त्यामुळे जमिनीत पाणी जिरायची रीत शहरातच दोन टोकांना बदलते. २०२३ चा पूर सप्टेंबरच्या अखेरीला आला, म्हणजे माती तुडुंब आणि तलाव काठोकाठ. अशा वेळी शोषखड्ड्यांवर फार भिस्त ठेवता येत नाही, त्यांच्यासोबत पाणी काही तास थांबवून धरणाऱ्या रिकाम्या जागा हव्यात. माती आणि पाण्याचा अभ्यास करणाऱ्या नीरी, व्हीएनआयटी, राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण ब्यूरो अशा संस्था याच शहरात आहेत. या चर्चेत त्यांनाही पहिल्या दिवसापासून बसवलं पाहिजे. पण केवळ त्यांनाच नव्हे.

मग बोलवायचं कुणाकुणाला? माझ्या मते यादी खात्यांच्या तक्त्यावरून करूच नये. पाणी जिकडून येतं तिकडून चालत यावं आणि वाटेत जो भेटेल त्याचं नाव लिहून घ्यावं.

नाग नदी लाव्हा-वाडीकडच्या टेकड्यांतून येते. तिथं नवी ले-आउटं पडताहेत, गोदामं आहेत, आणि वाडीची नगरपरिषद नागपूर महापालिकेहून वेगळी. जवळच हिंगण्याची एमआयडीसी. तिथल्या टेकाडावरचं गवत गेलं, ओढा बुजला की त्याचं पाणी अंबाझरीत लवकर पोचतं. म्हणजे डागा ले-आउटमधल्या घराच्या सुरक्षिततेचा एक भाग वाडीतल्या बांधकाम परवान्यावर ठरतो, आणि हे दोन परवाने देणारी माणसं एका टेबलावर क्वचितच बसतात. पुढे तलावालगतचं जंगल आणि जैवविविधता उद्यान वन विभागाकडे. खाली नदीवर महापालिका, सुधार प्रन्यास, जलसंपदा विभाग, रस्ते-पूल बांधणारे, मेट्रोवाले, प्रत्येकाचा हात. मग काठावरची मोठी घरं, शाळा, दवाखाने, सीताबर्डीचे दुकानदार. मग नदीला पाठ टेकून उभ्या असलेल्या वस्त्या. मग पूर्व नागपूर. तिथून पुढे शेतकरी, ज्यांच्या वांग्या-पालकाला या नदीचं पाणी लागतं, आणि त्याहून पुढे कन्हान, वैनगंगा, गोसीखुर्द, जिथं मासेमारी करणाऱ्यांच्या जाळ्यात नागपूरचं सांडपाणी उतरतं.

या रांगेत जो सगळ्यात खाली असतो त्याला सगळ्यात शेवटी कळतं. पश्चिमेकडे पात्र सरळ केलं, दोन्ही बाजूंना भिंती घातल्या, तर तिथलं पाणी झपाट्यानं निघून जातं आणि तिथले लोक समाधानी होतात. तेच पाणी पूर्वेकडे आधीपेक्षा वेगानं आणि एकदम पोचतं. म्हणून रामदासपेठेच्या कामाची बैठक असेल तर नंदनवन-पारडीकडच्या माणसाला खुर्ची हवीच. भौगोलिकदृष्ट्या ते त्याचंच काम आहे.

लोकांकडे नेमकं काय असतं जे इंजिनिअरच्या नकाशात नसतं? गेल्या उन्हाळ्यात नाल्याकाठच्या एका वस्तीत आम्ही काही जण असा नकाशा करायला बसलो होतो. समाजमंदिराच्या फरशीवर रांगोळीनं नाला काढला, काड्यापेट्यांची घरं मांडली आणि पाणी जिथं जितकं चढलं तिथं तेवढे तुरीचे दाणे ठेवायला सांगितलं. सोबत एक तरुण इंजिनिअर होता. त्याच्याकडच्या नकाशात नाल्याच्या दोन्ही काठांनी हिरवा पट्टा आखलेला होता. एका काकूंनी दाणे नाल्यापासून लांब, मधल्या गल्लीत ठेवले. त्याला वाटलं, चुकून ठेवले. त्या म्हणाल्या, "नालं मागून येते भाऊ. पहिले पानी संडासातून येते, मंग न्हानीतून. आमी दाराले पोतं लावतो तेव्हा घर आतून भरलं असते."

ही माहिती फार मोलाची होती. पाऊस वाढला की मलवाहिनी तुंबते आणि पाणी उलटं घरात शिरतं. काठावर कितीही झाडं लावली तरी हे पाणी थांबणार नाही. त्याला पावसाची नाली आणि मलवाहिनी वेगळी करणं, घराच्या जोडणीवर उलटं पाणी अडवणारी झडप बसवणं, हाच इलाज. हिरवा पट्टा नुसता काढला असता तर पुढच्या पावसात याच काकूंनी म्हटलं असतं की झाडांवर पैसे गेले आणि आमच्या घरात पाणी तसंच. आणि ते खरं ठरलं असतं.

त्याच बैठकीत पोरांनी कबड्डीच्या मैदानावर मूठभर दाणे ओतले. इंजिनिअरनं विचारलं, "काकू, इथं किती वेळ थांबते पानी?" "दोन दिवस राहते ना. तिथं थांबते म्हणून इकडं कमी येते. आता ते भरून काँक्रीट करनार म्हंते." फरशीवर सगळ्यांच्या डोळ्यांसमोर एक तयार पाणी-थांबा सापडला होता, फुकटचा, आणि तो बुजवायचं आधीच ठरत होतं. असे पाणी-थांबे नागपुरात आणखी किती असतील, हे त्या-त्या गल्लीतच कळेल.

आता अवघड भाग. नदीला जागा द्यायची तर ती कुणाकडून तरी घ्यावी लागते. आपल्या राज्यात जलसंपदा विभाग नदीकाठी निळी आणि लाल अशा दोन पूररेषा आखतो. निळी साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल १०० वर्षांतून एकदा येणाऱ्याची. निळीच्या आत नवं बांधकाम नको, दोन्हींच्या मधे अटींवर, असा नियम. कागदावर दोन रेघा, पण त्या रेघांच्या आत आधीच माणसं राहतात. त्यांत गच्चीवर बाग असलेले बंगले आहेत आणि पत्र्याच्या खोल्याही. हिरव्या पट्ट्याच्या नावानं पत्र्याच्या खोल्या हटल्या आणि बंगल्याचं कुंपण होतं तिथंच राहिलं, तर त्या उपायाला निसर्गाधारित म्हणण्यात काही राम नाही. शिवाय नदीकाठ सुंदर झाला की भाडं वाढतं, आणि ज्यांच्यासाठी पूर कमी केला त्यांनाच तिथं राहणं परवडेनासं होतं.

म्हणून झोपडपट्टीतल्या बैठकीत पहिला प्रश्न नदीचा नसतोच. तो असतो, "आमचं घर राहते का जाते?" याचं उत्तर मिळेपर्यंत पाणी कुठून आलं हे कुणी खरं सांगत नाही, आणि का सांगावं? गुडघाभर पाणी आलं असं सांगितलं तर तेच घर हलवायचं कारण होईल ही भीती रास्त आहे. नागपुरात मालकी पट्ट्यांसाठी लोकांनी वर्षानुवर्षं चकरा मारल्या आहेत. त्यामुळे नकाशा मांडण्याआधी लेखी हमी हवी: इथं दिलेली माहिती घर काढायला वापरली जाणार नाही, आणि हलावंच लागलं तर कुठं, किती अंतरावर, कोणत्या कागदावर, हे हलण्याआधी ठरेल. ही हमी देता येत नसेल तर बैठक घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

जागा सोडायला लोक कधीच तयार होत नाहीत, असं मात्र नाही. नेदरलँड्समध्ये १९९३ आणि १९९५ ला मोठे पूर आले. १९९५ मध्ये दोन लाखांहून जास्त लोकांना घरं सोडावी लागली. त्यानंतर तिथल्या सरकारनं बांध आणखी उंच करत राहण्यापेक्षा नद्यांना जागा देण्याचा कार्यक्रम हाती घेतला, तीसहून जास्त ठिकाणी, दोन अब्ज युरोंहून जास्त खर्चाचा. त्यात ओव्हरडीपसे पोल्डर नावाचा शेतीचा पट्टा पुराचं पाणी घेण्यासाठी निवडला गेला. तिथल्या गाईपालन करणाऱ्या शेतकऱ्यांनी नुसता विरोध न करता स्वतःचाच आराखडा मांडला: बांध खाली करा, मोठ्या पुरात शेतात पाणी येऊ द्या, पण आमची घरं आणि गोठे उंच टेकाडं करून त्यांवर बांधा. काही कुटुंबं मोबदला घेऊन दुसरीकडे गेली, आठ शेतघरं टेकाडांवर नव्यानं उभी राहिली. सरकारी कचेरीत हा उपाय सुचला नव्हता. गाईला पुरात कुठं न्यायचं, दूध कसं निघेल, चारा कुठं राहील, हे ज्याला रोज बघावं लागतं त्यालाच तो सुचला.

तिथं आणि इथं मोठा फरक आहे, तोही सांगायला हवा. त्यांच्याकडे जमिनीचे कागद पक्के होते, मोबदला वेळेवर मिळाला आणि बोलणी वर्षानुवर्षं चालली. आपल्याकडे एवढी सवड एखाद्या निविदेत क्वचितच असते. तरीही त्यातून घेण्यासारखं आहे: पाणी घेणं आपल्या वाट्याला येणार हे लोकांना आधी स्पष्ट सांगितलं, आणि ते कसं घ्यायचं हे त्यांच्यावर सोडलं. काय पक्कं आहे आणि काय खुलं आहे हे पहिल्याच बैठकीत सांगितलं की निम्मे गैरसमज टळतात. सगळंच खुलं आहे असं भासवणं आणि निर्णय आधीच झालेला असणं, यानं लोक एकदाच फसतात. दुसऱ्या बैठकीला येत नाहीत.

भांडणं होतील, व्हायला हवीत. अंबाझरीचंच घ्या. फिरायला येणाऱ्यांना तलाव काठोकाठ हवा, नौकाविहाराला हवा, मासेमारी करणाऱ्यांना पाणी खोल हवं. खालच्या वस्तीला मात्र सप्टेंबरात तलाव थोडा रिकामा हवा, कारण एक हेक्टर तलाव एक मीटरनं उतरवून ठेवला तर तिथं एक कोटी लिटर पाण्याला जागा होते. जुन्या तलावात पाणी सांडव्यावरून आपोआप पडतं; आधी उतरवायचं तर दरवाजा किंवा पंप लागतो, आणि ते कधी उघडायचं हे कुणीतरी ठरवावं लागतं. उघडल्यावर खाली पाणी वाढतं, त्याचा भोंगा कुठं वाजणार? परतीचा पाऊस आलाच नाही आणि तलाव उन्हाळ्यात आटला तर बोल कुणाला? हे प्रश्न एका खात्यानं बंद खोलीत सोडवण्यासारखे नाहीत. २०२३ नंतर पूरग्रस्तांना सांडव्यासमोरच्या बांधकामापासून नदीतल्या अडथळ्यांपर्यंतच्या तक्रारी घेऊन उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात जावं लागलं. न्यायालयाचं दार उघडं आहे ही चांगली गोष्ट, पण काठावरच्या माणसाचं पहिलं बोलणं याचिकेतून व्हावं, हे काही बरं नाही.

तलावाच्या कडेचंही तसंच. पेव्हर ब्लॉकचा ट्रॅक, दगडी भिंत, दिवे हे सगळं सकाळी फिरणाऱ्यांना आवडतं. पाण्याच्या दृष्टीनं मात्र उतरती मातीची कड, तिच्यावर वाळा, लव्हाळा, मागे करंज, अर्जुन, उंबर, जांभूळ अशी रचना चांगली. त्यात मधला रस्ता निघतो: ट्रॅक कडेपासून आत घ्यायचा, दिवे थोडे कमी, बसायला दोन कट्टे जास्त. तो रस्ता समोरासमोर बसल्यावरच निघतो.

बांधून झाल्यावर सांभाळायचं कुणी, यावर असे उपाय तरतात किंवा मरतात. सिमेंटची भिंत दुर्लक्ष झालं तरी काही वर्षं उभी राहते. रोपाला मात्र पहिले दोन-तीन उन्हाळे पाणी लागतं, खोलगट बागेत येणारा गाळ दर वर्षी काढावा लागतो, जलपर्णी वेळीच ओढली नाही तर तलाव झाकून टाकते, जसं अंबाझरीत झालं. यावर आपल्या विदर्भाकडे एक मोठा अनुभव आहे. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीकडचे हजारो मालगुजारी तलाव कोहळी आणि इतर समाजांनी बांधले, गावानं सांभाळले. कुणाच्या शेताला पाणी कधी, गाळ कोण काढणार, मासे कुणाचे, याचे रिवाज ठरलेले होते. १९५० च्या कायद्यानं मालगुजारी गेली, जमीनदारी संपली हे योग्यच झालं, पण तलाव सरकारकडे गेले आणि सांभाळण्याचे रिवाज तुटले. तलाव गाळानं भरले, बेशरमच्या झुडपांनी व्यापले.

पुढे गोंदिया-भंडाऱ्याकडे काही ठिकाणी ढिवर समाजाच्या लोकांनी, त्यांत बायांनी पुढाकार घेऊन, बेशरम उपटून काढली आणि तलावात स्थानिक पाणवनस्पती पुन्हा लावल्या. कोणत्या वनस्पतीखाली कोणता मासा अंडी घालतो हे त्यांना माहीत होतं, कारण पिढ्यान्‌पिढ्या त्यावर पोट होतं. मासे वाढले की तलाव राखणं त्यांच्याच फायद्याचं झालं. नागपूरच्या तलावांसाठीही हाच प्रश्न विचारावा: हा तलाव निरोगी राहिला तर कुणाच्या घरात रोज चार पैसे जास्त येतील? त्या माणसाशी लेखी करार करा, महापालिकेच्या अंदाजपत्रकात त्याच्यासाठी ओळ टाका. नुसत्या श्रमदानाच्या फोटोवर तलाव टिकत नाहीत.

बैठक कशी असावी याबद्दल थोडं. मंगळवारी सकाळी ११ वाजता वातानुकूलित सभागृहात बैठक ठेवली की धुणीभांडी करणारी बाई येत नाही, मजूर येत नाही, ठेलेवाला येत नाही. येतात ते निवृत्त गृहस्थ, संस्थावाले आणि अधिकारी. त्यांचं म्हणणं चुकीचं नसतं, अपुरं असतं. म्हणून बैठक वस्तीत, रात्री आठनंतर, बायकांची एक वेगळी. मराठीत आणि हिंदीत, कारण नागपूरच्या अर्ध्या वस्त्यांत दोन्ही चालतात. पडद्यावरच्या तक्त्यांऐवजी जमिनीवरचा नकाशा, आणि नकाशात ओळखीच्या खुणा: मारुतीचं देऊळ, बुद्धविहार, मस्जिद, पिठाची गिरणी. जे बोललं गेलं ते लिहून महिनाभरात त्याच ठिकाणी वाचून दाखवायचं, यातलं काय घेतलं, काय घेतलं नाही आणि का. हे शेवटचं बहुतेक ठिकाणी राहून जातं, आणि विश्वास तिथंच तुटतो.

कायद्यात जागा आहे का? आहे, पण उशिराची. १९६६ च्या नगररचना कायद्यानुसार विकास आराखड्याचा मसुदा प्रसिद्ध होतो आणि हरकती-सूचना मागवल्या जातात. तोवर रेघा आखून झालेल्या असतात, म्हणून नागरिकाच्या हातात फक्त हरकत उरते, सूचना नावापुरती. २००९ मध्ये राज्यानं शहरांत क्षेत्रसभांची, म्हणजे त्या-त्या भागातल्या मतदारांच्या सभांची, तरतूद केली, त्या भरताना मात्र क्वचितच दिसतात. २००२ च्या जैवविविधता कायद्याखाली महापालिकेची जैवविविधता व्यवस्थापन समिती असते, तिलाही तलाव-नदीबद्दल बोलायचा अधिकार आहे. आणि एक गोष्ट विसरता येत नाही: मार्च २०२२ पासून महापालिकेवर प्रशासक होता. २०२३ चा पूर आला तेव्हा ज्याच्या दारावर जाऊन भांडावं असा नगरसेवकच प्रभागात नव्हता.

या सगळ्याला मर्यादा आहेत. शंभर मिलिमीटर चार तासांत पडले तर बागा, तलाव आणि झाडं एकट्यानं शहर वाचवू शकणार नाहीत. सांडवा धड हवा, पूल रुंद हवेत, पात्रातले अडथळे निघायला हवेत, पूर्वसूचना वेळेत मिळायला हवी. निसर्गाधारित उपायांचा खरा उपयोग दरवर्षीच्या मध्यम पावसात दिसतो, आणि मोठ्या पुरात ते भिंती-नाल्यांवरचा भार हलका करतात. लोकसहभागालाही मर्यादा आहे. मलवाहिनी किती व्यासाची हवी हे हात वर करून ठरत नाही. पण तिच्यातलं पाणी कोणत्या घरात उलटं येतं हे मोजमापाच्या टेपनंही कळत नाही.

सध्या एक संधी आहे. नाग नदीच्या प्रदूषण निवारणासाठी सुमारे १,९२७ कोटींचा प्रकल्प मंजूर आहे. तो मुख्यतः सांडपाण्याचा: वाहिन्या, शुद्धीकरण केंद्रं. रस्ते खणले जाणारच आहेत, काठ मोकळे केले जाणारच आहेत. त्याच खोदकामात पावसाची नाली वेगळी करणं, एखादं मैदान खोल ठेवणं, काठाची उतरती कड राखणं, हे बसवता येतं. पुन्हा वेगळं खणायचं तर दुप्पट खर्च आणि लोकांना दुप्पट त्रास. दर उन्हाळ्यात पावसाळ्याआधी महापालिका तिन्ही नद्यांचं, म्हणजे नाग, पिवळी आणि पोरा यांचं, स्वच्छता अभियान घेते. पोकलेन नदीत उतरतं त्याच आठवड्यात काठावरच्या वस्तीत तासभर फरशीवर बसून नकाशा केला तर खर्च होईल रांगोळीचा आणि चहाचा.

तुमच्या भागात हे सुरू करायचं असेल तर झोन कार्यालयात साध्या कागदावर मराठीत अर्ज द्या. त्यात चार गोष्टी मागा: आमच्या भागातली निळी आणि लाल रेषा दाखवणारा नकाशा, नदी-नाल्यावर येत्या वर्षात मंजूर असलेल्या कामांची यादी, त्या कामांच्या आराखड्याआधी वस्तीत बैठक, आणि त्या बैठकीचं लेखी इतिवृत्त. २०२३ मध्ये घरात पाणी कुठवर आलं होतं त्या खुणेचा फोटो, शेजारी मोजपट्टी धरून, सोबत जोडा. भिंत रंगवून झाली असेल तर मीटरच्या पेटीमागे किंवा जिन्याखाली ती खूण बहुतेक अजून सापडेल. अर्जाच्या दोन प्रती करा आणि आपल्या प्रतीवर आवक क्रमांकाचा शिक्का घेऊनच निघा.